ट्रॅक्टरचा बॅकहो घ्यावा की जेसीबी तासावर आणावा? आटपाडीतील एका बागायतदार कुटुंबाचा हिशेब

ज्या कुटुंबाचा हा हिशेब आहे, ते सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातले असून दोन भावांची एकत्र १८ एकर जमीन ते कसते. त्यांपैकी ११ एकरांवर डाळिंब आहे आणि उरलेल्या रानात ज्वारी, मका आणि जनावरांचा चारा असतो. तालुका मुळात अवर्षणप्रवण. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी येऊ लागल्यापासून विहिरीपासून शेततळ्यापर्यंत आणि शेततळ्यापासून बागेपर्यंत पाइपलाइन टाकण्याची कामे या भागात वाढली. दुसरीकडे खोडाला लागणारा पिन होल बोरर आणि मर रोग यांच्यामुळे जुन्या बागा मुळासकट काढून नव्याने लावण्याची वेळ अनेकांवर आली. खोदण्याची, उपटण्याची आणि सपाट करण्याची एवढी कामे एकदम अंगावर आल्यामुळे जेसीबीच्या बिलांकडे घरात पहिल्यांदाच गंभीरपणे पाहिले गेले.

कुटुंबाकडे दोन ट्रॅक्टर आहेत. लहान ट्रॅक्टर फवारणीच्या ब्लोअरला जुंपलेला असतो. दुसरा ५० अश्वशक्तीच्या वर्गातला असून त्यावर रोटावेटर, पलटी नांगर आणि ट्रॉली चालते. या मोठ्या ट्रॅक्टरला पुढे लोडर (माती-खत उचलून भरणारे अवजार) आणि मागे बॅकहो (जेसीबीसारखा बकेट लावलेला खोदणारा हात) बसवून देण्याचा प्रस्ताव एका विक्रेत्याने मांडला, आणि सबफ्रेम (अवजारांचा भार घेणारी लोखंडी चौकट), पंप व बसवणी धरून ६,५०,००० रुपये किंमत सांगितली. धाकट्या भावाला हा सौदा पटला होता. त्याचे म्हणणे असे की, तीन वर्षांत अडीच लाख रुपये जेसीबीवाल्याला दिले, तेवढ्यात यंत्राचा चांगलाच भाग फिटला असता आणि ऐन वेळी फोन करून कोणाची मिनतवारी करावी लागली नसती. थोरल्या भावाने होकार किंवा नकार देण्याआधी तीन वर्षांच्या पावत्या आणि डायरी समोर ठेवायला सांगितले. पुढचे सगळे विवेचन त्या कागदांवर उभे आहे.

पावत्यांनी काय सांगितले

तीन वर्षांत जेसीबी एकूण २१० तास चालला होता आणि १,२०० रुपये तास या दराने बिल २,५२,००० रुपये झाले होते. म्हणजे वर्षाला सरासरी ७० तास. विक्रेत्याच्या हिशेबातही हाच आकडा होता आणि त्यावरून यंत्र ‘सात-आठ वर्षांत फुकट पडते’ असे तो सांगत होता. मात्र सरासरी काढली की एकदाच होऊन गेलेले काम आणि दर वर्षी होणारे काम यांतला फरक पुसला जातो, आणि येथे सगळा प्रश्न त्या फरकाचाच होता.

२१० तासांपैकी ६२ तास पाच एकरांची रोगट बाग काढण्यात, खोडे व मुळे गोळा करण्यात आणि रान सपाट करण्यात गेले होते. नवी लागण आता उभी आहे आणि ती किमान दहा-बारा वर्षे काढावी लागू नये अशीच अपेक्षा आहे. ६० तास सुमारे २,१०० मीटर लांबीच्या पाइपलाइनच्या चरासाठी लागले, आणि ती पाइपलाइनही आता जमिनीत आहे. १६ तास गोठ्याचा पाया आणि रस्त्याचा भराव यांवर खर्च झाले. उरलेले ७२ तास तेवढे दर वर्षी परत येणारे होते: ओढ्याकडच्या चारीतला गाळ काढणे, पावसाने फुटलेली ताल (शेताचा मातीचा बांध) बांधणे, व्हॉल्व्हच्या खड्ड्याची दुरुस्ती, मेलेल्या झाडांची खोडे काढणे, एखाद्या ठिकाणी मोठा दगड हलवणे. अशा कामांसाठी जेसीबी तीन वर्षांत ३६ वेळा आला. प्रत्यक्ष काम सरासरी पाऊण तासाचे होते, पण जेसीबीवाला दोन तासांपेक्षा कमीचे बिल करत नाही, म्हणून प्रत्येक खेपेला २,४०० रुपये द्यावे लागले.

शेततळे या यादीत नाही, कारण ते उक्ते देऊन पोकलेनने खोदून घेतले होते. तरीही विक्रेत्याने ‘शेततळेसुद्धा घरच्या घरी’ असे सांगितल्यामुळे त्याचाही हिशेब मांडला गेला. शासनाच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील ३० बाय ३० मीटर लांबी-रुंदी आणि ३ मीटर खोलीचे तळे बाजूंचा उतार धरून २,१९६ घनमीटर भरते. ट्रॅक्टरच्या बॅकहोने ते खोदायचे तर पुढे दिलेल्या चाचणीच्या वेगाने २०० तासांहून अधिक लागतील, तेही खाली कठीण मुरूम किंवा खडक लागला नाही तर. तळ्याचा मुद्दा तिथेच संपला.

चाचणी

दर आणि किंमत यांच्यावर बोलण्याआधी दोन्ही यंत्रे एकाच जमिनीत चालवून पाहावीत, अशी थोरल्या भावाची अट होती, आणि या प्रकरणातला तो सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता असे मला वाटते. शेजारच्या रानात पाइपलाइनचे काम चालू होते. तिथे दोन फूट रुंद आणि तीन फूट खोल, म्हणजे साधारण ०.६ बाय ०.९ मीटरचा चर जेसीबी मारत होता. त्याच रेषेच्या पुढच्या भागात विक्रेत्याने प्रात्यक्षिकाचा ट्रॅक्टर उभा केला.

वरच्या दीड फूट काळ्या मातीत दोन्ही यंत्रांमध्ये डोळ्याला जाणवण्याइतका फरक नव्हता. मुरूम लागल्यावर तो दिसू लागला. बकेटचे दात मुरमावर घासत होते आणि बूम (बॅकहोचा हात) ओढून घेताना ट्रॅक्टर स्वतःच चराच्या दिशेने सरकत होता, मागचे दोन्ही आधाराचे जॅक जमिनीत रेघा ओढत होते. चालकाला दर तीन-चार बकेटींनंतर जॅक उचलून ट्रॅक्टर पुन्हा सरळ करावा लागत होता. कारण साधे आहे. खोदण्याचा जोर पंपाइतकाच यंत्राच्या वजनावरही अवलंबून असतो. जेसीबी साडेसात टनांच्या घरात जातो आणि जोडणीसह ट्रॅक्टर त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो. तासाभराच्या मोजणीत जेसीबीचा चर ३५ मीटर झाला आणि ट्रॅक्टरचा २० मीटर. म्हणजे जेसीबीच्या एका तासाला लहान यंत्राचे पावणेदोन तास.

डिझेल टाकी काठोकाठ भरून आणि नंतर पुन्हा भरून मोजले, ते तासाला साडेचार लिटर निघाले. ९२ रुपये दराने त्याचे ४१४ रुपये होतात. चालकाची मजुरी कामाच्या तासावर वाटली तर १२० रुपये पडते. हायड्रॉलिक तेल, फुटणारे पाइप, सील किट, पिन-बुश आणि बकेटचे दात यांसाठी तासाला १०० रुपये धरले. ट्रॅक्टरच्या इंजिन, क्लच आणि टायरची झीज म्हणून आणखी १०० रुपये धरले. हा आकडा घरात कोणालाच धरावासा वाटत नव्हता, कारण ‘ट्रॅक्टर तर आपलाच आहे’. परंतु पीटीओवर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, तासन्‌तास पंप फिरवणारा ट्रॅक्टरही झिजतोच. सगळे मिळून चालू खर्च तासाला ७३४ रुपये झाला.

आता मीटरवर या. जेसीबीने मारलेला चर मीटरला ३४ रुपयांच्या थोडा वर पडतो. घरच्या यंत्राचा चर भांडवलाचा एक रुपयाही न धरता जवळपास ३७ रुपये पडतो. तासाचे दर शेजारी ठेवले की १,२०० पुढे ७३४ स्वस्त दिसतात, आणि बहुतेक सौदे नेमके याच तुलनेवर ठरतात. पण शेतकऱ्याला तास नको असतो, चर हवा असतो. लांब, सलग कामात हे लहान यंत्र फुकट मिळाले तरी जेसीबीपेक्षा महागच पडते, हा या चाचणीचा निष्कर्ष धाकट्या भावालाही अनपेक्षित होता. त्याने लगेच विचारले, “दादा, मी स्वतः चालवला तर?” मजुरी वगळली तर मीटरला ३१ रुपयांच्या आत खर्च येतो आणि साडेतीन रुपये वाचतात, त्या बचतीचे काय होते ते पुढे येईल.

भांडवलाचा बोजा

६,५०,००० रुपयांचे यंत्र आठ वर्षांनी दोन लाखांना विकले जाईल असे धरले, तर घसारा वर्षाला ५६,२५० रुपये होतो. बँकेचा दर ११ टक्के धरून गुंतलेल्या सरासरी रकमेवर व्याज ४६,७५० रुपये. यंत्र वर्षभर पत्र्याखाली उभे राहिले तरी १,०३,००० रुपये जातातच.

याच्या समोर बचत किती, ते पाहू. फुटकळ कामांच्या १२ खेपांना आज वर्षाला २८,८०० रुपये लागतात. तीच कामे घरच्या यंत्राने केली तर पाऊण तासाचे सव्वा तासाहून थोडे अधिक होतात आणि वर्षाचा खर्च साडेअकरा हजारांच्या आसपास येतो. बचत सुमारे १७,२०० रुपये. पुढच्या लोडरचाही फायदा धरायला हवा. दर वर्षी सुमारे ४० ट्रॉल्या शेणखत भरावे लागते आणि माणसे लावून एक ट्रॉली भरायला ६०० रुपये पडतात. लोडरने तासाला चार ट्रॉल्या भरल्या तर दहा तासांत काम उरकते आणि १६,७०० रुपये वाचतात. दोन्ही मिळून बचत ३४ हजारांच्या आत राहते आणि सुमारे ६९,००० रुपयांचे भगदाड शिल्लक उरते.

धाकटा भाऊ स्वतः चालक झाला तर हे भगदाड ६६ हजारांपर्यंत येते. ते मीटरमागच्या साडेतीन रुपयांनी भरायचे म्हटले, तर वर्षाला १८ किलोमीटरहून अधिक चर खोदावा लागेल. १८ एकरांत इतका चर कोठे मारायचा, हा प्रश्न विचारण्याची गरज उरली नाही.

राहिला भाड्याचा मार्ग. लांब चरासाठी कोणी शेजारी लहान यंत्र बोलावणार नाही, कारण त्याला जेसीबी स्वस्त पडतो. फुटकळ कामासाठी मात्र तो जेसीबीला २,४०० रुपये देण्याऐवजी १,५०० रुपये आनंदाने देईल. चालक पगारी धरला तर अशा एका कामामागे सगळा चालू खर्च जाऊन ५३७ रुपये हाती राहतात. म्हणजे ६९,००० रुपयांसाठी वर्षाला १२९ कामे हवीत, पावसाळ्यासकट तीन दिवसांत एक. ही संख्या अशक्य नाही. आठ-दहा गावांत ओळख असलेला आणि दुसरे काही न करणारा तरुण ती गाठू शकतो. पण मग ते शेतीचे अवजार राहत नाही, तो स्वतंत्र धंदा होतो, आणि ११ एकर डाळिंब सांभाळणाऱ्या माणसाने तो करावा का, हा वेगळा विषय आहे.

भाड्याच्या मार्गावर दोन अडथळे आणखी आहेत. शेतीसाठी नोंदलेला आणि शेतीचाच विमा असलेला ट्रॅक्टर बिगरशेती कामासाठी भाड्याने चालवताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. दुसरा अडथळा मुरमाचा. ‘चार ट्रॉल्या मुरूम काढून द्या’ ही गावातली सर्वांत नेहमीची मागणी असते. परंतु परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) यांच्याशिवाय गौण खनिज काढले तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ च्या पोटकलम ७ व ८ नुसार दंड होतो आणि यंत्र व वाहन जप्त होऊ शकते. ऐन हंगामात ट्रॅक्टर तहसील कार्यालयाच्या आवारात उभा राहिला, तर त्या चार ट्रॉल्या कितीला पडल्या याचा हिशेब करता येत नाही.

पैशांत न बसणाऱ्या गोष्टी

धाकट्या भावाचा खरा मुद्दा पैशांचा नव्हताच, वेळेचा होता, आणि तो खोटा नाही. फळ फुगवणीच्या काळात पाइपलाइन फुटून पाणी तुटले आणि नंतर एकदम दिले तर डाळिंब तडकते. अशा वेळी दोन दिवस जेसीबीची वाट पाहणे परवडत नाही. परंतु डायरीत पाहिल्यावर असे दिसले की, गळती काढण्याची बहुतेक कामे दोन मजुरांनी अर्ध्या दिवसात कुदळ-फावड्यानेच केली होती. पीव्हीसी पाइपच्या जवळ बकेटचा दात नेणे कोणत्याही यंत्राला धोक्याचेच, म्हणून शेवटचा फूटभर माती तशीही हातानेच काढावी लागते.

बागेत शिरण्याचा प्रश्न याहून मजेशीर निघाला. १४ फुटांच्या ओळींत जेसीबी जात नाही, ट्रॅक्टर जातो, असा विक्रेत्याचा दावा होता. ट्रॅक्टर शिरतो, हे खरे. पण खोदताना दोन्ही बाजूंचे जॅक खाली टेकवावे लागतात आणि त्यांचा पसारा ट्रॅक्टरच्या रुंदीबाहेर जातो. झाडांचा घेर वाढलेल्या ओळीत ते टेकवायला जागा नव्हती आणि गादीवाफ्याच्या उतारावर टेकवले तर ट्रॅक्टर तिरका होत होता.

मला सर्वांत वजनदार वाटलेला मुद्दा मात्र विक्रेत्याच्या पत्रकात कोठेच नव्हता. मागे बॅकहो चढवला की ट्रॅक्टरचा पीटीओ आणि मागची जोडणी अडते. रोटावेटर, नांगर, ट्रॉली यांपैकी काहीही लावता येत नाही. बॅकहो उतरवून पुन्हा चढवायला चेनपुली, दोन माणसे आणि अर्धा दिवस लागतो. खोदकाम, नांगरट आणि शेणखताची वाहतूक ही तिन्ही कामे एप्रिल-मे महिन्यांत, पावसाच्या तोंडावर येतात. खत लोडरने भरायचे तर ज्या ट्रॉलीत भरायचे ती ओढायला दुसरा ट्रॅक्टर लागणार. लहान ट्रॅक्टरला भरलेली ट्रॉली चढावर झेपत नाही. वर धरलेली १६,७०० रुपयांची बचत यामुळे कागदावरच राहण्याची शक्यता होती.

विक्रेत्याने किंमत कमी करण्यासाठी सबफ्रेमशिवाय, थेट तीन-बिंदू जोडणीवर (नांगर लावायच्या मागच्या दांड्यांवर) बसणारा बॅकहोही सुचवला होता. त्याला नकार देण्यासाठी हिशेबाची गरज नव्हती. खोदण्याचा सगळा धक्का अशा वेळी ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगवर (गिअर-ॲक्सलच्या कवचावर) येतो आणि ते तडकू शकते. त्याहून वाईट म्हणजे बकेट अडकल्यावर बॅकहो वर उचलला जाऊन बसलेला चालक त्याच्या आणि ट्रॅक्टरच्या मध्ये चिरडला जाऊ शकतो. पुढून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारी सबफ्रेम म्हणूनच आवश्यक असते.

जुन्या यंत्राचा पर्याय आणि ठरलेली व्यवस्था

नव्याचा विषय मिटल्यावर जुन्याचा निघाला, आणि येथे आकडे बरेच वेगळे आले. २,७५,००० रुपयांचे जुने यंत्र पाच वर्षांनी दीड लाखाला गेले, तर घसारा आणि व्याज मिळून वर्षाला ४८,४०० रुपये होतात. दुरुस्तीसाठी दहा हजार जास्तीचे धरले आणि घरची बचत वजा केली, तर साडेचोवीस हजार उरतात आणि बाहेरची ४५-४६ फुटकळ कामे मिळाली तरी ते भरून निघतात. महिन्याला चार कामे हा आकडा आवाक्यातला आहे.

त्यासाठी एक जुने यंत्र पाहिलेही. बूम पूर्ण वर उचलून इंजिन बंद केले आणि चहा होईपर्यंत तसेच ठेवले. तेवढ्यात बकेट चांगली वीतभर खाली आली, म्हणजे सिलिंडरची सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह आतून गळत होता. बकेट हाताने हलवल्यावर पिन-बुशमधला खडखडाट लांब उभ्या माणसालाही ऐकू येत होता. सिलिंडरच्या एका दांड्यावर उभा ओरखडा होता. नवी सील बसवली तरी असा ओरखडा तिला थोड्याच दिवसांत फाडतो. मालक वीस हजार कमी करायला तयार झाला. पण ती सबफ्रेम दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरसाठी केलेली होती आणि या ट्रॅक्टरला बसवायची तर कंसपट्ट्या नव्याने कराव्या लागणार होत्या, म्हणून सौदा सोडून दिला.

शेवटी जी व्यवस्था ठरली ती यंत्राशिवायची आहे. शेजारच्या चार बागायतदारांनी आपापली फुटकळ कामे साठवून महिन्यातला एक दिवस ठरवला. जेसीबीवाल्याला त्या दिवशी एकाच शिवारात सहा-सात तास सलग काम मिळते, म्हणून प्रत्येक शेताला दोन तासांची अट त्याने सोडली आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याचा वेळ सगळ्यांत वाटून घेतला. या कुटुंबाच्या वाट्याला एका खेपेचे सुमारे १,१०० रुपये येतात, म्हणजे वर्षाला १३,२००. पूर्वीच्या २८,८०० रुपयांच्या तुलनेत बचत १५,६०० रुपये होते; साडेसहा लाख गुंतवून याच कामांत १७,२०० वाचणार होते. मे महिन्यात ही व्यवस्था कोलमडते, कारण तेव्हा जेसीबीवाला कोणालाच तारीख देत नाही. म्हणून चारीचा गाळ आणि तालींची दुरुस्ती ही कामे आता फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकून घेतली जातात.

धाकट्या भावाने बॅकहोचा विचार सोडलेला नाही. आपल्याच ट्रॅक्टरच्या मॉडेलची सबफ्रेम असलेले आणि अडीच लाखांच्या आतले यंत्र मिळाले, तर ते चाचणीसाठी मुरमाच्याच रानात लावायचे आणि बाहेरची किमान ४० कामे घेण्याची तयारी असेल तरच उचलायचे, असे दोघांमध्ये ठरले आहे.